कोपरा फाटलेलं कार्ड

काय सांगू तुम्हाले भाऊ, माह्यं सांगण्यासारखं काही नाई, पण तुमी वही घेऊन बसलेच आहा तर बसा, मी हातातलं सूप खाली ठेवत नाई, पाखडता पाखडता सांगतो. माह्यं नाव वच्छला. माहेर चिमूरकडलं. बाप नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आला तेवा मी पाच-सहा वर्षांची असन, मले येवढंच आठवते का तो पांढरं धोतर नेसून आला आणि आल्या आल्या त्यानं घरातले सारे देव एका फडक्यात बांधले, नदीत सोडून आला, आणि मायले म्हणाला आता कोणाले भ्यायचं नाई, ना देवाले ना भुताले. माय म्हणाली बरं. पण भाऊ, देव गेले, उपास गेले, अंगात येणं गेलं, एक भेव काही आमच्या घरातून गेलं नाई, ते मंजे मौतीच्या कार्डाचं.

तुमी शहरात शिकले, तुम्हाले ठाऊक असन नसन. आमच्याकडं कोणी मेलं का जे कार्ड धाडते ना, त्याचा एक कोपरा फाडते. पोष्टमनही ते कार्ड हातात देत नाई, दुरूनच म्हणते, बाई, कार्ड आहे, आणि त्याच्या आवाजावरूनच समजते. मंग ते घरात न्यायचं नाई. अंगणातच उभ्यानं वाचायचं, वाचलं का फाडून टाकायचं, आंघोळ करायची, मंग उंबरा ओलांडायचा. बापानं सारं सोडलं पण असं कार्ड आलं का तोही चपला घालून अंगणात येई. मी त्याले एकडाव म्हटलंही, बाबा, भ्यायचं नाई ना, तर म्हणाला हे भेव नाई, हे वळण आहे, तू जा पाणी तापव.

चौथी झाली आणि शाळा सुटली, पुढं लगन होऊन इथी आली, पोंभुर्ण्याच्या अलीकडं, जंगलाच्या काठाले. आमचे हे बांबूतोडीले जात, दिवाळी झाली का गडचिरोलीकडल्या जंगलात जे जात ते होळीच्या आगंमागं येत, त्यामुळं धान चुरणं, घर, लेकरू, सारं माह्या आणि सासूच्या अंगावर. सासू तिखट. आता राह्यली नाई ती, पण तिच्याशिवाय ही गोष्ट होत नाई. गावात सरकारी दवाखान्याच्या दोन खोल्या होत्या, तिथी मी झाडलोट करायले, पाणी भरायले लागली, आणि तिथीच एली आली.

एली मंजे एलियम्मा. नर्सबाई. केरळातली पोरगी, बाविशीची, उलुशीक, इवलीशी, डोक्याले खोबऱ्याचं तेल आणि डोळ्यात पाणी. बाप नुकताच वारला होता तिचा, मागं एकटी माय, आणि सरकारनं तिले आणून टाकलं आमच्या जंगलात. दवाखान्यात राहाची सोय नव्हती, मंग आमची छपरीच्या बाजूची खोली तिले देली. भाषा येत नव्हती. मले म्हणे वच्छलाचेची. सासू भडकली, म्हणे हे पोट्टी तुले चेची चेची काय म्हणते व, काही वंगाळ तर नाई म्हणत. मंग एलीनंच समजावलं का चेची मंजे मोठी बहीण. सासू म्हणाली मंग सरळ बाई म्हण ना. पण ते चेचीच राह्यलं. सहा वर्षांत तिले आमची बोली अशी आली का बाजारात कोणी म्हणे नाई हे परकी आहे, फक्त एक चेची तेवढं गेलं नाई.

पहिल्या साली डिसेंबर आला तशी ते रडकुंडी झाली. काऊन रडतं म्हटलं तर म्हणे आमचा सण येऊन राह्यला, घरी आई एकटी आहे. मंग तिनं बांबूच्या कमच्या मागतल्या, मी सोलून देल्या, तिनं पाच टोकांचा सांगाडा केला, वरून लाल पन्नी चिकटवली. मी शिडी धरली, तिनं छपरीच्या आढ्याले बांधलं. सासूनं विचारलं हे काय व, दिवाळी तर कवाची झाली. एली म्हणाली नक्षत्र. आता तिच्या भाषेत नक्षत्र मंजे चांदणी. पण आमच्यात नक्षत्र मंजे पावसाचं भाऊ, मिरग, आडदरा, हत्ती. आणि डिसेंबरात आमचं कापलेलं धान पुंजणं रचून वावरात उभं. सासू चरकली, कोणतं नक्षत्र लावलं तिनं विचार, पाऊस आला तर धान काळं पडन. गावातही झालं, नर्सबाईनं नक्षत्र लावलं, नर्सबाईनं नक्षत्र लावलं. आणि नेमकं दुसऱ्या दिवशी आभाळ आलं. सासू स्वताच शिडीवर चढून ते काढायले निघाली. एली खाली उभी राहून हात जोडते, मायबाई, हे पावसाचं नाई, हे येशूच्या जल्माचं आहे, आणि सासू वरून म्हणते, जल्म होऊ दे ना, माह्यं धान घरात येऊ दे मंग होऊ दे. पाऊस काही आला नाई. तवापासून दरसाल डिसेंबरात सासूच विचारे, काऊन व, यंदा नक्षत्र लावायचं नाई का.

आता ऐका, माह्यी चूक कुठी झाली ते. तेच पहिलं साल, तोच महिना. माह्या आत्याचं कार्ड आलं, कोपरा फाडलेलं. मी अंगणात निंबाखाली उभ्यानं वाचलं, फाडलं, विहिरीवर गेली, आंघोळ केली. एली छपरीत बसून पाहून राह्यली होती. म्हणाली, चेची, ते कार्ड फाटकं काऊन होतं, घरात काऊन नाई आणलं. आता तिचा बाप मरून चार महिने नव्हते झाले, आई तिकडं एकटी, आणि मरण हा शब्द काढला का हे पोरगी दोन दोन दिवस जेवत नव्हती. मी कशी सांगू तिले. मी म्हटलं, जरुरीचं कार्ड आहे, आमच्याकडं जरुरीच्या कार्डाचा कोपरा फाडते, असं कार्ड आलं का हातातलं काम टाकून आहे तिथीच वाचा लागते. मंग फाडून काऊन टाकलं. काम झालं म्हणून. मंग आंघोळ काऊन केली. धानाचं कूस लागलं होतं, खाजे. तिले पटलं. सासू चुलीपाशी बसून सारं आयकत होती. खोटं तर खोटं, कोणाचं काय गेलं, असंच वाटलं मले.

माह्यी सुजाता एलीच्याच हातावर झाली. पायाळू. चंद्रपूरले न्यायले बैलबंडीशिवाय काही नाई, आणि मी तर अर्धी गेली होती. एलीचं तोंड बंद नाई, चेची जोर करा, चेची जोर करा, आणि सासूले डाफरलं तिनं, मायबाई दिवा वर धरा म्हणून. सासूले आयुष्यात कोणी डाफरलं नव्हतं. तिनं दिवा वर धरला. पोरगी काळीनिळी झाली होती, एलीनं तिच्या तोंडात फुंकर घातली तेवा रडली. म्हणून सांगतो भाऊ, ते मले बहीण होती हे मी उगीच तोंडानं म्हणत नाई.

आणि अशी बहीण मले न सांगता गेली.

कुवेतले नर्सा पाहिजे होत्या, तिनं फारम भरला, कागद आले, तारीख आली, आणि मले कंपाउंडरनं सांगतलं, तेही हसत हसत, का वच्छलाबाई, तुमची नर्सबाई तर परवा चालली. मी तिले विचारलं, खरं का. ते खाली मान घालून म्हणाली, चेची, मी चार महिने सांगून सांगून राह्यली मनात, तोंडातून निघत नाई. मी म्हटलं, बरं. येवढंच म्हटलं. ज्या दिवशी ते निघाली त्या दिवशी मी इळा घेऊन वावरात गेली, धान कापायचं काही राह्यलंच नव्हतं, बांधावर बसून राह्यली. मोटारीचा भोंगा आयकू आला, दोनदा, तिनदा, ड्रायव्हर एवढा वाजवत नाई कधी, तिनंच सांगतलं असन. मी उठली नाई. सांजेले घरी आली तर छपरीत नक्षत्र लटकलेलं, सणाले अजून महिना होता. सासू म्हणाली, शिडी मी धरली, तू कुठी मेली होती. मोटार हालेपर्यंत वळून वळून पाहत होती व ते.

तवापासून दर नाताळाले कुवेतचं पाकीट येई. आत चकचकीत चित्राचं कार्ड आणि त्याच्यात तिच्या वाकड्या अक्षरात दोन ओळी, चेची कशी आहा, सुजाता कोणत्या वर्गात गेली, मायबाईचे गुडघे कसे आहे, उत्तर लिहा, खाली आईचा पत्ता, आईकडं धाडा, ते मले पाठवन. मी वाचो आणि ट्रंकेत लुगड्याखाली ठेवून देवो. पहिल्या साली राग होता. दुसऱ्या साली राग नव्हता, पण आता काय लिहू, एक साल उत्तर नाई देलं ते कसं सांगू, असं वाटे. तिसऱ्या साली तर लाजच वाटे. जेवढा उशीर होई तेवढी लाज वाढे, आणि जेवढी लाज वाढे तेवढा उशीर होई. हातानं लिहिता येत होतं मले, चौथी पास आहो, पण तीन सालात एक ओळ लिहिली नाई.

मंग ते चौथं साल. पंच्याऐंशी. डिसेंबरची तेरा तारीख. मी अंगण सारवून राह्यली होती आणि पोष्टमनभाऊ कुंपणाच्या बाहेर उभा. दरसाल पाकीट घेऊन सरळ छपरीत येई, चहा घेई. त्या दिवशी बाहेरच उभा. म्हणाला, बाई, कार्ड आहे.

मी उठली. हात शेणाचे. साधं पोस्टकार्ड होतं, उजव्या बाजूचा खालचा कोपरा फाडलेला. पत्ता इंग्रजीत, माह्यं नाव होतं, आणि मागं सारं गोल गोल अक्षर, मराठी नाई, हिंदी नाई, आमच्या मास्तरचं इंग्रजीही नाई. एलीच्या औषधाच्या पुड्यांवर ते कधी कधी असं लिही, म्हणून ओळखलं का हे तिच्या भाषेतलं आहे. पण अक्षर तिचं नव्हतं. कोणातरी म्हाताऱ्या हाताचं होतं, थरथरलेलं. आणि कुवेतचं नव्हतं, केरळचं होतं.

तुमीच सांगा भाऊ, काय समजायचं. एली कुवेतले, कार्ड तिच्या गावाहून, लिहिणारा दुसरा, आणि कोपरा फाडलेला. मी अंगणात उभी आणि वाचताच येत नाई. असं कार्ड मंजे उभ्यानं वाचायचं आणि फाडून टाकायचं, इथी वाचताच येत नाई तर फाडू कसं, आणि फाडलं नाई तर घरात जाऊ कशी. सासू बाहेर आली, माह्याकडं पायलं, कार्डाकडं पायलं, आणि भिताडाले टेकून खाली बसली. म्हणाली, घरात नको आणू. मी ते कुडाच्या फटीत खोसलं, बाहेरच्या बाजूनं. आंघोळ करू का नाई तेही समजेना. सासू म्हणाली, करू नको, वाचल्याबगर आंघोळ कशी, काय माहीत कोण आहे ते. मंग आमी तशाच राह्यलो, सयपाकही छपरीत केला, सुजाता विचारते आज बाहेर काऊन जेवून राह्यलो, तिले काय सांगणार.

दुसऱ्या दिवशी पोचम गार्ड आला. जंगलखात्याचा, सिरोंच्याकडला, तेलगू माणूस. मले वाटलं तो वाचन. त्यानं कार्ड हातात घेतलं नाई, कुडातलंच वाकून पायलं. म्हणाला, बाई, हे आमचं नाई, मल्याळी असन, एकच समजते मले, हे पाहा, इथी बावीस लिहिलं आहे आकड्यात, आणि इथी बारा. बावीस बारा. सासू म्हणाली, आज तर चौदा आहे. मंग ते बोटावर मोजायले लागली, भाऊ, मले अजून ते बोटं दिसते. म्हणे बावीस तारखेले तेरवी असन. त्याच्या आधी तेरा दिवस, मंजे नऊ का दहा तारखेले गेली. आमच्यात तेरवी करत नाई, आणि ते तर येशूवाली, त्याइच्यातही नसन, पण त्या घडीले आमाले दोघींले कोणाचा धर्म आठवत होता. पोचम म्हणाला, घुग्घुसले कोळसा खाणीच्या रस्त्यावर एक टायरवाला आहे, कुट्टी म्हणते त्याले, तो केरळचा, तो वाचून देईन.

पंधराले सकाळच्या मोटारीनं निघालो. मी म्हटलं मी एकटी जातो, सासू लुगडं बदलून तयार. म्हटलं तुमचे गुडघे. म्हणे माह्या गुडघ्याले सहा वर्षं तेल कोणी लावलं, तू का. सुजाताले जावेकडं ठेवलं. भाकरीची शिदोरी एका पिशवीत, आणि कार्ड दुसऱ्या पिशवीत, सासूनं सांगतलं एकमेकाले लागू देऊ नको. अख्खा रस्ता मी एका हातात शिदोरी धरली आणि दुसऱ्या हातात ते पिशवी, खिडकीच्या बाहेर निघन अशी लांब धरली. कंडक्टर म्हणाला, बाई, काय कोंबडी आहे का. सासू त्याच्याकडं अशी पायली का तो पुढं तिकिटं फाडायले गेला. चंद्रपूरले दुसरी मोटार धरली. मी तेवा मनात मोजून राह्यली होती का तीन सालात किती दिवस होते, कोणत्या कोणत्या दिवशी मी दोन ओळी लिहू शकली असती. पावसात घरीच होती. सुजाताले गोवर आला तेवा बारा दिवस घरीच होती.

घुग्घुस मंजे काय सांगू, सारी धूळ, कोळशाचे ट्रक, सिमिटाचा भुरका, झाडाचं पानही हिरवं नाई. कुट्टीचं दुकान मंजे चार बल्ल्या आणि वर टिन. तो ट्रकचं चाक खोलून बसला होता, हात कोपरापर्यंत काळे. मी सांगतलं, भाऊ, तुमच्या भाषेतलं कार्ड आहे. त्यानं कोपऱ्याकडं पायलंही नाई, म्हणाला, बैठो अम्मा, हाथ गंदा है, चिट्ठी गंदे हाथ से नहीं लेते. आणि चाक पुरं केलं त्यानं. ट्रकवाला घाई करून राह्यला होता. आमी दोघी एका जुन्या टायरावर बसलो. सासू माह्या हाताले धरून बसली, लगनाले बारा-पंधरा वर्षं झाली होती, पहिल्यांदा तिनं माहा हात धरला.

मंग त्यानं साबणानं हात धुतले, पुसले, आणि कार्ड घेतलं. आधी मनातल्या मनातच वाचलं. मी त्याच्या तोंडाकडं पाहून राह्यली. त्यानं पुन्हा वरून वाचलं. मंग मान वर केली आणि म्हणाला, वच्छला कौन है.

मी म्हटलं, मी.

तो म्हणाला, आप ही. पक्का. आणि हसला नाई, रडला नाई, कार्ड माह्यापुढं धरून म्हणाला, बहनजी, ये चिट्ठी पूछ रही है, आप जिंदा हो क्या.

मले समजलंच नाई. सासू म्हणाली, काय म्हणते व तो. मंग त्यानं एक एक ओळ वाचून हिंदीत सांगतली. लिहिणारी एलीची आई. लिहिते का माह्यी मुलगी तीन साल तुमच्या उत्तराची वाट पाहून राह्यली. ते म्हणते चेची माह्यावर रागावली. मी म्हणते माणूस इतकं रागावत नाई, ज्या बाईनं परक्या पोरीले सहा वर्षं घरात ठेवलं ते तीन वर्षं रागात कशी राहीन, ते मेलीच असन. पण हे मी तिले बोलली नाई. आता ते तीन सालानं पहिल्यांदा घरी येऊन राह्यली, बावीस तारखेले. आल्याबरोबर विचारन, चेचीचं पत्र आलं का. त्याच्या आधी मले कळलं पाहिजे का तिले काय सांगू. तुमी नसान तर घरातल्या कोणीही एक ओळ लिहा. ते येतपर्यंत मी नक्षत्र लावत नाई.

मी खाली बसली होती का उभी होती ते आठवत नाई मले. येवढं आठवते का माह्या तोंडातून निघालं, मंग एली. कुट्टी म्हणाला, एली को क्या हुआ, एली तो आ रही है. आणि मंग म्हणाला, नीचे और लिखा है. लिहिलं होतं का माह्यी मुलगी सांगत होती, तुमच्या गावात जरुरीच्या कार्डाचा कोपरा फाडते, असं कार्ड कोणी बाजूले ठेवत नाई, लगेच वाचते. म्हणून मीही फाडला आहे. कुट्टीनं विचारलं, ऐसा होता है क्या आपके गाँव में.

सासूनं माह्याकडं पायलं. म्हणाली, धानाचं कूस लागलं, खाजे म्हणे.

आणि मंग आमी दोघी त्या टायरावर बसून हसायले लागलो भाऊ, आणि हसता हसता काय झालं ते समजलं नाई, सासूनं पदर तोंडात कोंबला आणि ढसाढसा रडली. येवढी तिखट बाई. कुट्टी बिचारा गडबडला, चहा सांगतला त्यानं. सासूनंच त्याले सांगतलं का कोपऱ्याचा अर्थ काय. तो म्हणाला, ये मैं उनको लिख दूँ क्या, कि ऐसा नहीं करते. मी म्हटलं नाई. म्हातारीनं आपल्या हातानं माह्या नावानं मरणाचं कार्ड धाडलं हे तिले समजलं तर तिले काय वाटन. आणि खोटं माह्यं होतं, तिचं नाई.

पण उत्तर पोचणार कसं, सातच दिवस राह्यले. कुट्टी म्हणाला तार करा. सासू म्हणाली तार नको, तार पाहून म्हातारी जागीच बसन. मंग त्यानं सांगतलं, बल्लारशाले केरळची गाडी थांबते, तिच्यात डाकेचा डबा असते, त्या डब्याले पेटी असते, त्याच्यात टाकलं तर सरळ जाते. त्यानंच कोरं कार्ड आणून देलं, म्हातारीच्या कार्डावरून पत्ता त्याच्या भाषेत लिहून देला. मंग म्हणाला, बोलो, क्या लिखूँ. मी म्हटलं, मी लिहितो. त्यानं पेन देला. तीन सालापासून मनात येवढं साचलं होतं, आणि कार्डाले हात लावला तर एक शब्द निघेना. सासू म्हणाली, लिही ना व, गाडी जाईन. मी लिहिलं, मी जिती आहो. नक्षत्र लाव. खाली वच्छलाचेची. कुट्टीनं वाचलं, म्हणाला, नक्षत्र तो हमारा ही शब्द है, अम्मा समझ जाएगी, बाकी मैं नीचे लिख देता हूँ. आणि सासूनं ते कार्ड हातात घेऊन चारही कोपरे बोटानं दाबून पायले, एक एक, कुठी मुडपलेलंही नाई ना.

बल्लारशाले पोचलो तेवा गाडी लागली होती. सासू, ज्या बाईले अंगणातून विहिरीपर्यंत जायले काठी लागे, ते फलाटावर माह्यापुढं चालून राह्यली होती, डाकेचा डबा कोणता, डाकेचा डबा कोणता, हमालाले विचारत. डबा पार पुढच्या टोकाले. पेटीत कार्ड टाकलं तिनंच. मंग आतल्या माणसाले म्हणाली, भाऊ, सांभाळून ने, पोरगी वाट पाहून राह्यली. तो म्हणाला, कोणती पोरगी आजी. गाडी हालली.

घरी येऊन ते फाटकं कार्ड मी फाडलं नाई. सासूही म्हणाली नाई फाड म्हणून. पण घरातही नेलं नाई, कुडातच राह्यलं, काऊन का आमचं उत्तर पोचलं का नाई पोचलं ते कुठी माहीत होतं. बावीस तारीख गेली. पंचवीस गेली. आमचं जुनं नक्षत्र उंदरानं खाल्लं होतं, मी नवीन कमच्या सोलल्या, सासूनं शिडी धरली, तरी मनात येवढंच का तिकडं लागलं का नाई. नवीन साल लागलं. जानेवारीच्या सात-आठ तारखेले पोष्टमनभाऊ पुन्हा कुंपणाच्या बाहेर उभा, तोंड उतरलेलं. बाई, कार्ड आहे. आणि पुन्हा कोपरा फाडलेला.

सासू म्हणाली, आण इकडं. गोल गोल अक्षर होतं, म्हातारीचंच. आणि त्याच्या खाली उरलेल्या जागेत वाकडं मराठी. चेची, तुमचं कार्ड वीसले आलं, मी बावीसले. आईनं ते दारावर लावलं आहे, येणाऱ्या जाणाऱ्याले दाखवते. नक्षत्र लावलं. मी न सांगता आली ते माह्यं चुकलं. कोपरा आईनं फाडला, म्हणे हेही जरुरीचंच आहे. सासूनं ते कार्ड घेतलं आणि सरळ उंबरा ओलांडून घरात गेली, आणि बाबासायबाच्या फोटोच्या मागं खोसून ठेवलं. कुडातलंही मंग आणून तिथीच ठेवलं. साऱ्या गावात आमचंच घर आहे भाऊ, जिथी फाटक्या कोपऱ्याचं कार्ड आत जाते.

सासू पुढच्या साली गेली. तिचं कळवलं मी एलीले, साध्या पाकिटात, कोपरा न फाडता. मी जर फाडला असता तर त्याइनं जरुरीचं समजून हसत वाचलं असतं, ते मले सहन झालं नसतं. एलीचं लगन झालं, ते पुन्हा कुवेतले आहे. सुजाता बारावीले आहे, नर्सिंगचा फारम भरला तिनं, आणि भरल्या दिवशीच मले सांगतला, मी तिले तसं सांगूनच ठेवलं होतं. आणि दर डिसेंबरात म्हातारीचं कार्ड येते, कोपरा फाडलेलं. पहिला पोष्टमन बदलून गेला, नवा पोरगा आहे, पहिल्या खेपेले तर तो कार्ड कुंपणावर ठेवून पळाला. आता त्यालेही ठाऊक झालं, तो दुरूनच ओरडते, बाई, तुमचं जितं कार्ड आलं. ते घेऊन मी घुग्घुसले जातो, कुट्टी हात धुते, वाचून देते. खरं काय ते मी एलीले अजून सांगतलं नाई. कशी सांगू. आता तर तिच्या आईचा हात त्या कोपऱ्यावर पडते, ते वरीसभर जगली येवढं मले त्यातून समजते.

यंदाचं अजून आलं नाई. आज अठरा तारीख झाली. साऱ्या जगाले फाटक्या कोपऱ्याचं भेव, मले धड कोपऱ्याचं वाटते भाऊ, कोपरा म्हातारीच फाडते, धड आलं मंजे लिहिणारा हात दुसऱ्याचा. ज्या साली चारही कोपरे धड असलेलं कार्ड येईन, त्या साली मी अंगणातच उभी राहीन, आणि मले ते वाचून घ्यायले घुग्घुसले जायची जरूर पडणार नाई. कमच्या सोलून ठेवल्या आहे, त्या तुमच्या मागं भिताडाले टेकल्या. म्हातारी सुखी राहो, तिच्या बोटात कोपरा फाडण्यापुरतं बळ राहो. बसा, चहा ठेवतो. पोष्टमनची येळ झालीच आहे.